डब्यावरची शेवटची ओळ

“ही पण आधी चांगली अंगानं भरलेली होती,” शेजारच्या काकू नव्या आलेल्या बाईच्या कानाशी लागून म्हणाल्या.

मी पाठमोरी उभी राहून मिक्सरचं भांडं विसळत होते. त्यांना वाटलं असेल, पाण्याच्या आवाजात मला ऐकू जाणार नाही. पण समोरच्या शोकेसच्या काचेत त्यांचं माझ्याकडे वळलेलं बोट मला स्वच्छ दिसलं.

मी आयुष्यात कधी भरलेली नव्हते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलींचा पिरॅमिड व्हायचा, तेव्हा सगळ्यात वर दरवर्षी मलाच चढवायचे, कारण खालच्यांना माझं ओझं वाटायचं नाही. वारा सुटला की हिच्या दप्तरात एखादं पुस्तक जास्तीचं टाकावं लागतं, असं माझी मावशी सगळ्यांना सांगायची. पण वळून हे सांगणं मला जमत नाही. मी भांडं पुसलं आणि जागेवर ठेवलं.

हिंगोलीत आमच्या घराला लागूनच काकूंचं घर. त्यांच्या पुढच्या खोलीत आता वेलनेस क्लब आहे. दिवाण भिंतीला सरकवलाय, कोपऱ्यात वजनकाटा, आणि भिंतीवर बॅनर. त्यावर उडी मारणारी बाई कुठली आहे ते सांगता येणार नाही, पण मराठवाड्यातली नक्कीच नाही. सकाळी गल्लीतल्या बाया जमतात, टीव्हीसमोर व्यायाम करतात, व्हॅनिला नाहीतर आंब्याच्या चवीचा शेक पितात आणि मग अनुभव सांगतात. सत्संगात सांगतात तसाच. एकजण उठते, आपल्यात काय फरक पडला ते सांगते, बाकीच्या टाळ्या वाजवतात. कुणाचे गुडघे जिना उतरताना कुरकुरत नाहीत, कुणाला झोप लागते. आपला राग कमी झालाय, असं एका सासूबाईंनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मागे बसलेल्या सुनेनं टाळी जरा उशिरा वाजवली.

मी जायचे ती आईसाठी. आई एकटी कुठे जात नाही, आणि घरून काम करून माझीही पाठ लॅपटॉपच्या झाकणासारखी वाकायला लागली होती. शिवाय फोनवरचा व्यायाम टीव्हीवर लावणं तिथे मला एकटीलाच यायचं. अनुभव सांगायची पाळी आली की मी नेमकी मिक्सरजवळ असायचे.

हे सगळीकडेच चाललंय. बायपासला पहाटे पोलीस भरतीची मुलं पळायची, आता त्यांच्या मागून घड्याळात पावलं बघत डॉक्टरीणबाई, शिक्षक, सराफ सगळे चालतात. किराणा दुकानात सब्जाच्या शेजारी चिया आलाय. दोघांत फरक काय विचारलं तर दुकानदार म्हणतो, हा फॉरेनचा. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी पुण्याहून ज्वारीच्या भाकरीचे फोटो टाकतात, खाली ग्लुटेन फ्री असं लिहितात.

तो फोटो मी मावशीला दाखवला होता. मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. ती सेनगावकडे साखऱ्याला राहते. तिनं फोन लांब धरून बघितला आणि म्हणाली, “आमी जल्मभर हेच खाऊन राहिलो, तवा कोणी टाळ्या न्हाई वाजवल्या.”

टाळ्या मला मिळायच्या, त्याही रोज. झालं असं की माझं इंग्रजी काकूंच्या लक्षात आलं. नवीन बाई आली की शेकचा मोठा डबा माझ्या हातात द्यायच्या आणि सांगायच्या, तुझ्या शाळेत शिकवलं तसं वाच. मी वाचायचे. प्रोटीन, फायबर, मग जीवनसत्त्वांची रांग, आणि अगदी खाली ठळक अक्षरांत शेवटची ओळ : नॉट फॉर मेडिसिनल युज. तिथे वाचन संपतं हे सगळ्यांना पाठ झालेलं, त्यामुळे त्या ओळीला कडकडून टाळ्या पडायच्या. पहिल्या दिवशी मी मान वर करून बघितलं, कुणी अर्थ विचारतंय का. कुणीच विचारला नाही. उलट पोरगी धीट आहे असं ठरलं. वाचायला मला काही वाटत नाही, शब्द दुसऱ्याचे असतात. स्वतःचं बोलायचं म्हटलं की मी भांडी विसळायला लागते.

टाळ्या न वाजवणारी एकच. गल्लीच्या तोंडाशी ब्लाउज शिवणाऱ्या आपा. त्या व्यायामापुरत्या यायच्या, शेक घ्यायच्या नाहीत, आणि निघताना बायांना टोमणा मारून जायच्या, “काट्यावर कमी होऊन राहिलं म्हणता, मग माझ्या टेपवर काहून होईना?” बाया हसायच्या. काकूही हसायच्या.

काकूंवर राग धरावा अशा त्या नाहीतच. माझ्या बारावीच्या प्रत्येक पेपरला दारात उभं राहून हातावर दही-साखर ठेवणारी ही बाई. त्या स्वतः खरोखर हलक्या झाल्या होत्या, आणि नरसीच्या रस्त्यानं रोज किती चालतात हे त्या हिशेबात धरत नव्हत्या. सगळं श्रेय डब्याला. पण कुणाची तरी आई, कुणाची तरी बायको म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काकूंना आता गल्ली ‘कोच’ म्हणत होती. बॅनरसमोर उभ्या राहिल्या की त्यांचा आवाजसुद्धा वेगळा लागायचा.

त्यात मावशी आमच्याकडे राहायला आली. तिला बरीच वर्षं साखरेचा त्रास आहे, आणि आता तिला अंधुक दिसायला लागलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, साखरेनं डोळ्यांना धरलंय, गोळ्या चुकवायच्या नाहीत. मावशीच्या गोळ्या रुमालाच्या गाठीत असतात. सकाळी गाठ सोडायची, तोंड वाकडं करायचं आणि म्हणायचं, आली माझी सवत.

आईनं तिला क्लबला नेलं. मावशी खूश. पदर खोचून टीव्हीतल्या बाईच्या एक पाऊल पुढेच व्यायाम करायची. तिनं काकूंना विचारलं, यानं साखर जाते का? काकूंनी गोळ्या सोडा असं काही सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, बऱ्याच जणींच्या सुटल्या म्हणतात. हे त्यांनी त्यांच्या वरच्या कोचकडून फोनवरच्या मीटिंगमध्ये ऐकलेलं. पण मावशीच्या कानात ‘म्हणतात’ हा शब्द काही शिरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेणी घालत होते. आई आत आली आणि हळू आवाजात म्हणाली की मावशीनं रात्रीची गोळी घेतली नाही, आताचीही घ्यायची नाही म्हणते. काशीला जाऊन माणसं आवडती भाजी सोडून येतात, तशा ती गोळ्या क्लबात सोडून येणार आहे. आईनं समजावून पाहिलं होतं. धाकट्या बहिणीचं कोण ऐकतं?

क्लबात पोचताच काकूंना बाजूला घेऊन सांगायचं, असं मी ठरवलं. वाक्यसुद्धा तयार केलं. पण काकू दारातच नव्या पाहुणीची चप्पल ठेवायला जागा करत होत्या. मग व्यायाम सुरू झाला, मग मिक्सर, मग डबा माझ्या हातात आला. मी वाचलं. शेवटच्या ओळीला टाळ्या पडल्या.

अनुभवासाठी मावशी उठली. कमरेची रुमालाची गाठ तिनं काढली आणि काकूंच्या हातात ठेवली.

“मला काय भाषण येत न्हाई,” ती म्हणाली. “आजपासून ही सवत मी हितंच सोडून जाते.”

टाळ्या सुरू झाल्या. काकूंचं तोंड हसरं होतं, पण रुमाल धरलेला हात तिथेच अवघडून राहिला. आईनं माझ्याकडे बघितलं. डबा अजून माझ्याच हातात होता.

“शेवटची ओळ मी परत वाचते,” मी म्हटलं. आवाज इतका बारीक आला की पुढच्या दोघीतिघींनीच टाळ्या थांबवल्या. “मराठीत. हे औषध नाही, असं लिहिलंय.”

“रोज वाचून राहिली ती हीच ओळ का?” आपांनी विचारलं. “अगं बाई, लई टाळ्या वाजवल्या तुमी तिला.”

बाया हसल्या. नवी पाहुणी आपला ग्लास निरखायला लागली. काकू म्हणाल्या की ते कंपनीला लिहावंच लागतं, सगळ्यांच्याच डब्यावर असतं. तेही खरंच असेल.

मावशी मात्र हसली नाही. ती अजून उभीच होती आणि डोळे बारीक करून माझा चेहरा शोधत होती. खिडकी माझ्या मागे होती, उजेडात तिला मी नुसती आकृती दिसत असणार.

“पण पोरी, मधी तू भरली होतीस अन् याच्यानंच परत बारीक झालीस ना? कोचबाई सांगून राहिल्या होत्या.”

काकू वळल्या आणि रुमाल मुठीत तसाच धरून रिकामे ग्लास एकात एक घालायला लागल्या. त्यांची मान मला दिसत होती. त्या क्षणी नुसतं हसून मान हलवणं किती सोपं होतं. मी नेहमी तेच करते, आणि लोक त्यातून त्यांना हवं ते समजून घेतात.

मी डबा टीव्हीशेजारी ठेवला. काकूंच्या हातातली रुमालाची गाठ घेतली. त्यांनी ती लगेच सोडली, जणू वाटच बघत होत्या. गाठ मावशीच्या तळहातावर ठेवून मी तिची बोटं मिटली.

“मावशी, मी जन्मापासून अशीच आहे. तू गोळी घे.”