इंजिनाचा कान

शिंप्याच्या बायकोला सगळं गाव मेकॅनिकबाई म्हणे. पुढे पुढे शिंप्यालाच लोक मेकॅनिकबाईंचे मिस्टर म्हणायला लागले. तो बिचारा हसून मान हलवायचा. तोंडात टाचण्या धरलेला माणूस दुसरं करणार काय!

शेड तिच्या वडिलांची. भाऊ दोन होते, पण एकाला ग्रीसचा वास सोसेना आणि दुसऱ्याला वडिलांचा स्वभाव. दोघंही पंख्याखालच्या नोकऱ्या शोधून निघून गेले. राहिली ही, गाड्यांखाली सरपटतच मोठी झालेली. वडिलांनी जाताना तिला शेड दिली, पाने दिले आणि दोन नियम दिले. वॉशर घातल्याशिवाय बोल्ट आवळायचा नाही आणि उघडलेलं इंजिन राखाडी रंग दिल्याशिवाय बाहेर सोडायचं नाही. "आतलं काम गिऱ्हाइकाला दिसत नाही, पोरी. रंग दिसतो," असं ते म्हणत. तिनं ते दोन नियम इतके जपले, की रस्त्यात कुठं बंद पडलेल्या गाडीचं बॉनेट वर झालं आणि आत गुळगुळीत राखाडी इंजिन दिसलं, की लोक म्हणत, ही बाईंच्या हातची गाडी.

आणि तिचा कान! बेकरीवाल्याची गाडी कोपऱ्यावर वळली, की ही चहाचा कप खाली ठेवून म्हणायची, "याचा पट्टा आता जाणार." तो जायचाच. बेकरीवाला दुसऱ्या रस्त्यानं जायला लागला. म्हणायचा, "बाईंनी ऐकलं की गाडी आजारी पडते. ऐकूच नये त्यांना."

घरात तिसऱ्या सासूबाई. त्या बारा महिने कानाला लोकरी स्कार्फ गुंडाळून बसायच्या आणि वर सगळ्यांवर ओरडायच्या, "काय पुटपुटता रे, मोठ्यानं बोला की!"

आणि चौथी नव्हे, खरं तर पहिली म्हणायला हवी, ती लेक. ती नर्स झाली होती. घाटापलीकडच्या आरोग्य केंद्रात तिला जागा मिळाली होती, पण अट अशी, की वाड्यावस्त्यांवर फिरायला स्वतःची गाडी हवी. येत्या सोमवारी गाडीसकट हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला जाणार.

गाडी होती. आईनंच जुन्या सांगाड्यातून उभी केलेली. रोग एकच, चढाला नॉक मारायची. इंजिनाचं हेड वाकलं होतं म्हणून बाईनं ते घासून घेतलं होतं, त्यानं आतली कोंडी वाढली होती आणि पेट्रोल वेळेआधीच पेट घ्यायचं. पत्र्याच्या डब्यात गोट्या हलवाव्यात तसा आवाज यायचा, टणटण, टणटण. तो आवाज ऐकून पाय काढला तर ठीक. नाही काढला, तर पिस्टनला भोक. मागच्या उन्हाळ्यात एक पिस्टन असाच गेला होता.

बाई स्वतः गाडीत असली, की गोटी हलायच्या आत पाय काढायला सांगायची. पण लेक गाडी चालवताना गायची. आणि गायची अशी, की इंजिनाला स्वतःचा आवाज ऐकू येऊ नये.

"तू गाणं बंद कर," शिंपी म्हणाला.

"बाबा, घाटात एकटीनं जायचं आणि गायचं पण नाही? मग मी झोपेन."

शिंप्याची पाचावर धारण बसली. "ती गाडी नकोच. मी साहेबांना अर्ज लिहितो, जवळची जागा द्या म्हणून."

"काही लिहू नका," बाई हात पुसत म्हणाली. "माझा कान तिच्याबरोबर जाऊ शकत नाही, तर मी इंजिनालाच कान बसवते."

कान म्हणजे नॉक सेन्सर. मधे भोक असलेली, वडीएवढी काळी चकती. ती इंजिनाच्या पोटाला बोल्टनं आवळायची. आत गोटी हलली की चकतीला हादरा कळतो, ती ठिणगीची वेळ सांभाळणाऱ्या बॉक्सला सांगते, बॉक्स क्षणभर ठिणगी उशिरा टाकतो आणि ठोका थांबतो. काम केल्याची खूण म्हणून बॉक्सवरचा तांबडा दिवा चमकतो. हळू आवाजालाही जागं व्हायचं की मोठ्यालाच, ते बॉक्सवरच्या एका स्क्रूनं ठरवायचं. बाईनं चकती आणि बॉक्स भंगारवाल्याकडून आणले, त्याच जातीच्या पण नव्या गाडीवरून काढलेले. मग इंजिनाच्या झकास रंगवलेल्या पोटावर, म्हणजे ब्लॉकवर, चकती ठेवली, बोल्टमध्ये वॉशर घातला, मनगटानं आवळला आणि वायर जोडली. सासूबाईंना दाखवलंसुद्धा.

"बरा दिसतो," त्या म्हणाल्या. "डूल घातल्यासारखा."

ताळा बघायला बाईची स्वतःची युक्ती होती. एक तांब्याची नळी ब्लॉकला लावायची, तिला रबरी नळी आणि तिच्या टोकाला जुना स्टेथोस्कोप. नळी खिडकीतून आत घेऊन ती लेकीच्या शेजारी बसली. नळीत ठोका ऐकू आला की दिवा लागला पाहिजे, नाही आला तर लागता कामा नये. इतकं सोपं.

"चल. आणि तोंड मीट."

"गुणगुणू?"

"मीट म्हटलं ना!"

सपाट रस्त्यावर नळीत झडपा हलवणाऱ्या टॅपेटची नेहमीची टिकटिक सोडून काही नव्हतं आणि दिवा मात्र लग्नघरासारखा लुकलुकत होता. बॉक्स घाबरून ठिणगी मागे मागे ओढत होता आणि गाडी अशी चालली होती, जणू माहेरून सासरी परत निघाली आहे. बाईनं स्क्रू उलटा फिरवला. दिवा शहाण्यासारखा विझला. शेडमागच्या चढाला लागल्या, तर नळीत टणटण सुरू आणि दिवा ढिम्म. पुन्हा स्क्रू. पुन्हा लुकलुक. टॅपेटला भिणार नाही आणि ठोक्याला चुकणार नाही, अशी मधली जागा काही सापडेना.

"आई, शनिवार उजाडला," लेक हळूच म्हणाली. ती गात नव्हती, हेच बाईला जास्त लागलं.

"माहीत आहे. त्या भंगारवाल्यानं बहिरा माल गळ्यात मारलाय. बघतेच त्याला."

चकती उपटून ती तरातरा त्याच्याकडे गेली. भंगारवाला पत्र्याच्या सावलीत चहा पीत होता.

"भाऊजी, माझ्या लेकीच्या नोकरीशी खेळ मांडलाय का तुम्ही?"

"वहिनी, आधी बसा."

"बसायला नाही आले!"

त्यानं तिच्या हातातून चकती घेतली, तिची वायर मीटरला लावली, चकती टेबलावर दाबून धरली आणि शेजारी चमचा हलकेच आपटला. मीटरचा काटा टुणकन उडाला. त्यानं अजून हळू आपटला. काटा हळू उडाला.

"बहिरा नाही," तो म्हणाला. "माझ्या बायकोपेक्षा बरं ऐकतो."

"मग माझ्याकडे का ऐकत नाही?"

"आता ते मी कसं सांगू? बसवलाय तुम्ही."

बाईच्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांत तिच्या बसवण्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. नाकावर माशी बसू न देणारी बाई ती. पण माशी बसली होती खरी, आणि लेकीचा सोमवार तिच्या पंखावर होता.

"कुठून काढलात, ती गाडी दाखवा मला."

मागच्या ढिगात ती गाडी होती, समोरून चेपलेली. बाई बॉनेटखाली वाकली. इंजिन तेलानं आणि धुळीनं काळं कुळकुळीत, हात लावावासा वाटू नये असं. पण चकती जिथं बसली होती, तिथं नाण्याएवढी जागा आरशासारखी लख्ख. उघडं लोखंड. रंगाचा थेंब नाही. बोल्ट भोकातच लोंबत होता. त्याला वॉशर नव्हता.

"वॉशर तुम्ही काढलात?" तिनं विचारलं.

"मी कशाला काढीन? आला तसा आहे."

ती बराच वेळ वाकून राहिली. भंगारवाल्याला वाटलं, कंबर धरली. तिला काय कळायचं ते कळलं होतं, फक्त राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी दिलेला रंग तिनं कानावर फासला होता, आणि वर वॉशरची लुडबुड. हादरा चकतीपर्यंत पोचायचा तो निम्माशिम्मा, अंधुक होऊन. मग ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला, तर टॅपेटसुद्धा बोंबलल्यासारखे वाटणारच. वडील चुकले नव्हते. वडिलांच्या काळात इंजिनाला कान नव्हते.

निघताना भंगारवाल्यानं एक लांब दांड्याचा पाना पुढे केला. जितका जोर ठरवून द्यावा, तितका झाला की टक् वाजणारा टॉर्क पाना.

"माझ्या मनगटाला कळतं," ती म्हणाली.

"तुमच्या मनगटाला कळतं. चकतीला तुमचं मनगट कुठं माहीत आहे? फार आवळली तरी बिघडते, कमी आवळली तरी. या जातीचा जोर मला पाठ आहे, लावून देतो. परत तेवढा आणा म्हणजे झालं."

तिनं पाना घेतला. आभार मानले नाहीत, पण त्याचा उरलेला चहा मात्र तिनंच संपवला. तो समजला.

शेडमध्ये येऊन ती पॉलिश पेपर घेऊन बसली आणि स्वतःच्या हातानं दिलेला, आरशासारखा चढवलेला रंग खरवडायला लागली. शिंपी दारात उभा. त्यानं टाचण्या तोंडातून काढल्या, म्हणजे प्रकरण गंभीर.

"अहो, रंग काढताय?"

"चष्मा लावा. काढतेच आहे."

सासूबाई स्टूल ओढून जवळ आल्या. सगळं विचारून घेतलं, दोनदा, कारण पहिल्यांदा ऐकू आलं नाही. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याच्या कानात बोळा कोंबलास आणि वर ऐकत नाही म्हणून ओरडलीस होय गं त्याच्यावर?"

बाईनं मान वर करून त्यांच्या स्कार्फकडे पाहिलं. लेकीनं पाहिलं. शिंप्यानं पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय," सासूबाई म्हणाल्या. "मला थंडी वाजते."

लोखंड लख्ख झालं. त्यावर बोट फिरवून बाईनं कणसुद्धा राहिला नाही ना ते पाहिलं, चकती ठेवली, बोल्ट घातला. सवयीनं हात वॉशरच्या डबीत गेला होता. तिनं तो बाहेर काढला, रिकामा. पाना फिरवला. टक्.

उतरत्या उन्हात त्या पुन्हा निघाल्या. सपाट रस्ता, स्क्रू मधोमध. नळीत टिकटिक, दिवा शांत. मग बाईनं मुद्दाम ठिणगी थोडी लवकर पडेल अशी केली, म्हणजे ठोका यायलाच हवा, आणि चढावर वरच्या गिअरमध्ये पाय दाबायला लावला. टण, नळीत. दिवा. टण. दिवा. स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि मग तिनं त्यावर पक्क्या रंगाचा एक थेंब टाकला, कुणी हलवू नये म्हणून. तिथं रंगाला हरकत नव्हती. ठिणगी पुन्हा जागेवर आणली.

"आता गा," ती लेकीला म्हणाली.

"आता?"

"गा म्हणते ना. मोठ्यानं. मला बघायचंय, तुझ्या गाण्याला हा नॉक समजतो का."

लेक गायली. बाईनं कानातली नळी काढून मांडीवर ठेवली. दिवा काही गाण्याला भ्याला नाही.

रविवारी शिंप्यानं घाट चढून बघायचा हट्ट धरला. बाई म्हणाली, "काही गरज नाही. बसलंय ते बसलंय." आदल्या दिवसापर्यंतही ती हेच म्हणत होती, याची शिंप्याला आठवण झाली, पण त्यानं टाचण्या तोंडात धरल्या.

सोमवारी सकाळी लेक निघाली. शिंपी कोपऱ्यापर्यंत गाडीमागे चालला. सासूबाईंनी हात हलवला. आणि बाई, जिला चार गल्ल्यांवरचा बेअरिंगचा आवाज कळायचा, ती शेडमध्ये ग्राइंडर चालू करून एक लोखंडी पट्टी घासत उभी राहिली. ग्राइंडरपुढे कुणालाच काही ऐकू येत नाही. पट्टीला घासण्याची गरज नव्हती.

दुपारच्या आधी शिंपी धावत आला. गळ्यात टेप, खांद्यावर कुणाची तरी एकच शिवलेली बाही, हातात फोन.

"अहो, ऐका! बंद करा ते!"

तिनं ग्राइंडर बंद केलं आणि फोन कानाला लावला.

"आई, पोचले. मोठ्या वळणावर दिवा लागला, मग पुढच्या चढाला परत लागला. गाडीनं जरा दम घेतला आणि चढली."

"आणि तू काय केलंस?"

"मी? मी गाणं थांबवलं नाही."

"बरं केलंस," बाई म्हणाली. फोन नवऱ्याकडे देऊन तिनं राखाडी रंगाचा डबा उघडला, शेडमध्ये उभं असलेलं दुसरं इंजिन रंगवायला घेतलं, आणि रंगवता रंगवता त्याच्या पोटावर नाण्याएवढी जागा सोडून कुंचला पुढे नेला.

"इथं राहिलं की," शिंपी बोट दाखवून म्हणाला.

"राहू दे," ती म्हणाली. "आणि तो टॉर्क पाना पुसून ठेवा. चहाच्या वेळेला परत द्यायला जायचंय."