डाव्या बोटावरची शाई

“त्या चीफचं बोट पाहिलंस?” प्लायवूडच्या भिंतीपलीकडे अकाउंटंट म्हणाला. “शाई लावून घेतलीय. खरोखरच्या इलेक्शनसारखी!”

मग तो आणि मॅनेजर हसले. वाईट नव्हतं ते हसू. लहान मूल बापाचे बूट घालून घरभर फिरायला लागलं की मोठी माणसं हसतात, तसं होतं. मी टाइपरायटरवर बोटं ठेवून नुसती बसून राहिले. चीफ म्हणजे माझे अब्बा.

साठचं दशक संपत आलं होतं. दुबईच्या समुद्रात तेल लागून दोनेक वर्षं झाली होती आणि शहराच्या देरा भागात, खाडीच्या कडेला, एका अमेरिकन तेलकंपनीचं ऑफिस होतं. अब्बा तिथे स्टोअरकीपर. मी मुंबईत खालाकडे राहून कॉन्व्हेंटमध्ये शिकले, टायपिंग-शॉर्टहँडची परीक्षा दिली आणि बोटीने त्यांच्याकडे आले. त्यांनी मला मॅनेजरपुढे उभं केलं. “माय डॉटर, सर. कॉन्व्हेंट.” एवढंच ते बोलले, आणि मला नोकरी लागली. अम्मा आणि दोघे धाकटे भाऊ मात्र रत्नागिरीजवळच्या आमच्या गावातच होते. कंपनीने दिलेली खोली एकच होती. मधे पडदा लावून आम्ही दोघं राहायचो.

मॅनेजर आणि अकाउंटंट दोघेही अमेरिकन. मॅनेजर टेक्सासचा. उंच, मोठ्या आवाजाचा, मनाने मोकळा. ज्याचं नाव लक्षात राहत नसे त्याला तो चीफ म्हणायचा. ड्रायव्हर चीफ, बंदरावरचा मुकादम चीफ, चहा आणणाराही चीफ. अब्बांना वाटायचं, हा मान एकट्या त्यांचा. त्यांच्या पत्रांमधून तो गावातही पोचला होता. खरं काय ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी घरी बोलले नाही. मी तशीही फार कमी बोलायची, त्यामुळे एखादी गोष्ट न बोलणं हे कुणाच्या ध्यानात येत नसे.

आधी अब्बा एका इंग्रज कंपनीत होते. तिथे साहेबांचं पिण्याचं पाणीसुद्धा वेगळं असायचं. इथे मॅनेजर त्यांच्या खांद्यावर हात टाकून गोडाऊनमधून फिरायचा. “इंग्रज राज्य करायला आला,” अब्बा म्हणायचे. “अमेरिकन धंदा करायला आलाय. धंद्याला पासपोर्ट नसतो, बाय. जो कामाचा, तो आपला.” हे ते इतक्या वेळा म्हणत, की मला वाटे, हे वाक्य ते दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःलाच ऐकवतात.

त्या दिवसांत त्यांच्यापुढे एक प्रश्न होता. शारजाला, रोल्ला म्हणतात त्या मोठ्या वडाच्या झाडाजवळ, गावातल्याच एका चाचांचं कापडाचं दुकान होतं. चाचांची नजर अधू होत चालली होती. त्यांनी अब्बांना भागीदार म्हणून बोलावलं होतं. दुकानामागे दोन खोल्या होत्या, विहीर होती. अम्मा आणि मुलं लगेच येऊ शकली असती. पण अब्बांचा जीव कंपनीत अडकला होता. कंपनी आपल्या माणसांसाठी कॉलनी बांधणार होती, तिथे फॅमिली क्वार्टर मिळणार होते. आणि अब्बा स्वतःला आपल्या माणसांत धरत होते.

“शुक्रवारपर्यंत सांग,” चाचांनी निरोप धाडला होता. “नाहीतर मी मेहुण्याला पत्र टाकतो. तो तर बोटीत बसायला एका पायावर तयार आहे.”

त्याच आठवड्यात अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली. मॅनेजरने ऑफिसच्या फळ्यावर खडूने तिकडच्या दोन पक्षांच्या निशाण्या काढल्या, एक हत्ती आणि एक गाढव, आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्याला चीर पाडून तो टेबलावर ठेवला. “एव्हरीबडी व्होट्स!” तो ओरडला. “पाच वाजेपर्यंत इथे सगळे अमेरिकन!” मतपत्रिका मी टाइप केल्या. मला कुणी एक दिली नाही, आणि मीही मागितली नाही.

गोडाऊनच्या सात मतपत्रिका घेऊन मी अंगणापलीकडे गेले. अब्बांसकट तिथे सात जण होते, सगळे आपल्याकडचे, बहुतेक कोकणातले. अब्बांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं.

“निशाणी काय आहे?” पहिल्याने विचारलं.

“हत्ती नाहीतर गाढव.”

“या अल्ला! गाढवाला मत कोण देणार?”

“हसू नको,” अब्बा म्हणाले. “गावात भात पिकला नाही तेव्हा गहू कुठून आला? अमेरिकेतून. तेव्हा राज्य कुणाचं होतं? या गाढवाचंच.”

“तो लाल गहू होय? त्याची चपाती म्हणजे रबर होतं, भाई. तोंडात फिरायची नुसती.”

“पण खाल्लीस की नाही?”

“खाल्ली.”

“मग खलास. खाल्ल्या मिठाला जागायचं.”

तेव्हा अब्बांनी ते केलं. पेट्यांवर नंबर घालायची काळी शाई असायची. लाकडावर, लोखंडावर एकदा लागली की निघत नसे. तिची बाटली त्यांनी उघडली, आगपेटीतली काडी बुडवली आणि एकेकाचं डावं बोट धरून नखाच्या मुळाशी रेघ ओढली. मग कागद हातात दिला. गावच्या शाळेत त्यांनी मत दिलं होतं तेव्हा असंच झालं होतं: आधी शाई, मग कागद. त्यानंतर ते दुबईला आले आणि पुढचं मतदान चुकलं. त्याची त्यांना खंत होती.

“अब्बा, इट्स ओन्ली अ गेम,” मी हळूच म्हणाले.

“खेळ असला म्हणून काय झालं? शाई नसेल तर उद्या कोणीही म्हणेल, हे लोक दोनदोनदा घालून गेले.”

“माझ्या बोटाला नको,” एक लोडर म्हणाला. “घरची विचारेल हे काय.”

“घरची खेडला आहे! विचारणार कोण तुला, समुद्र?”

सगळे हसले आणि त्यानेही बोट पुढे केलं. शेवटी अब्बांनी स्वतःच्या बोटाला शाई लावली. मग खुंटीवरचा कोट अंगात चढवला. तो कोट ते फक्त ईदला घालायचे. नेहमी ते ऑफिसात बाजूच्या दाराने यायचे. त्या दिवशी समोरच्या दाराने आले, मागे सहा जण. त्यांनी चौघडी कागद डब्यात टाकला, आणि तो आत पडल्याचा आवाज येईपर्यंत ते डब्याकडे बघत उभे राहिले. मॅनेजरने टाळी दिली. “दॅट्स माय मॅन!”

पुढे कित्येक वर्षांनी अब्बा गावी परत गेले, तिथे पुष्कळ मतदानं झाली. त्यांनी पुन्हा कधी कुणापुढे बोट केलं नाही.

भिंतीपलीकडचं ते हसू ऐकलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. पाचच मिनिटांनी मला आत बोलावलं. टेबलावर डबा पालथा होता आणि कागदांचे दोन ढीग होते. हेड ऑफिसला तार पाठवायची होती. आखातातल्या आपल्या माणसांनी कुणाला निवडलं, ते कंपनीच्या मासिकात छापून येणार होतं.

मोजणीत गाढव जिंकत होतं.

“हे पाठवायचं?” अकाउंटंट म्हणाला. “चेअरमन हत्तीसाठी गावोगाव जेवणावळी घालतोय. आणि त्याचीच कंपनी त्याला गाढव पाठवणार?”

मॅनेजरने मान खाजवली. “यात इंडियन्सची आहेत ना? ती काढ. बिचाऱ्यांना गंमत म्हणून दिली होती आपण. त्यांचा थोडाच देश आहे.”

“ओळखायची कशी?”

“कशी म्हणजे? हे बघ.”

त्याने एक कागद उजेडात धरला. कोपऱ्यावर शाईचा काळा डाग होता. दुसऱ्यावरही होता. शाई वाळायच्या आत त्यांनी कागद हातात घेतले होते. सातच्या सात सापडायला एक मिनिटही लागलं नाही. यांनी दोनदा मत घातलं असं कुणी म्हणू नये म्हणून अब्बांनी जी शाई लावली होती, तिनेच ती मतं ओळखू आली.

ते सात कागद केराच्या टोपलीत गेले. अब्बांचा मी घडीवरून ओळखला. रजेचा अर्ज असो की अम्माचं पत्र, ते कागदाच्या कडा नखाने दाबून अशीच चौघडी घालायचे.

“हत्ती अकरा, गाढव सहा,” मॅनेजरने सांगितलं. “टाइप कर, हनी.”

मी म्हणाले, “येस, सर.”

ते दोन शब्द बोलायला मला काहीच वेळ लागला नाही, ते मी अजून विसरले नाही. मी शाळेत इंग्रजी वादविवादात बक्षीस मिळवलं होतं. मला सगळं बोलता आलं असतं, आणि त्यांच्यापेक्षा बऱ्या इंग्रजीत. मी कागद चढवला, आकडे टाइप केले, एक चूक झाली ती खोडली. टोपली माझ्या पायाशी होती. वाकून एक कागद उचलायचा होता. मी तोही उचलला नाही.

दुपारी जेवणाच्या वेळी मॅनेजरने खुर्चीवर उभं राहून जाहीर केलं, आपल्या ऑफिसात हत्ती जिंकला. अमेरिकेला तार गेली, हेही सांगितलं. आकडे सांगितले नाहीत. संध्याकाळपर्यंत रेडिओवरूनही कळलं, तिकडेही हत्तीच. अब्बा नाराज झाले नाहीत. उलट त्यांना एक तऱ्हेचा भारदस्तपणा आला होता. “हरलो,” ते खाडी ओलांडताना अब्रात, त्या भाड्याच्या होडीत, म्हणाले. समोर बसलेल्या पठाणालाही ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हणाले. “पण हरायला तरी रांगेत उभं राहायला मिळालं पाहिजे. इंग्रजाकडे आम्ही कधी हरलोसुद्धा नाही.” मग मला विचारलं, “गाढवाला किती पडली गं?”

“आय डोन्ट रिमेंबर, अब्बा.”

मी इंग्रजीत उत्तर दिलं की त्यांना बरं वाटायचं. ते हसून पाण्याकडे बघायला लागले.

रॉकेल, वाळू, लिंबू, कशानेही ती शाई निघत नव्हती. अर्थात अब्बा ती काढतच नव्हते. मीच मनात काढत होते. ते भाकरी मोडायचे तेव्हा ती दिसायची. नमाजाला बसले की मांडीवर ठेवलेल्या हातावर दिसायची. मी पडद्याच्या माझ्या बाजूला जाऊन बसायची.

शुक्रवारी आम्ही शारजाला गेलो. तेव्हा वाळूतून जाणारी वाट होती. भाड्याच्या गाडीत सहा जण दाटीने बसलेले. रोल्लाच्या झाडाखाली माणसं टेकली होती. चाचा दुकानाच्या उंबऱ्यात, डोळ्यांवर हाताची सावली धरून उभे होते.

“या या, अमेरिकेचे मतदार आले! बोट दाखवा. बातमी आलीय आमच्यापर्यंत.”

अब्बांनी बोट दाखवलं. चाचांनी ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

“ही पेट्यांवरची शाई आहे रे. नंबर कुठे आहे तुझा? कुठल्या बंदराचा माल?”

“हसून घे.”

“हसत नाही, हबीबी, बस. चहा घे.” चाचांनी काउंटरवरचं कापड बाजूला सारलं. आता त्यांचा आवाज बदलला. “सांग. खोल्या झाडून ठेवल्यात. भाभीला दोन महिन्यांत आणू, इन्शाल्ला. काय ठरवलंस?”

मी बाकावर बसले होते. माझ्या मांडीवर पर्स होती आणि तिच्यात अम्माचं पत्र होतं. त्यात तिने एकच विचारलं होतं, यंदा तरी बोलावणार का?

“तुझे उपकार आहेत,” अब्बा म्हणाले. “पण मी कंपनीतच राहतो. तुझ्या दुकानात तू मालक, मी भागीदार. कितीही झालं तरी दुकान तुझं. कंपनीत मला विचारतात. मी त्यांच्यातला आहे. क्वार्टर मिळतीलच.”

“विचारतात? बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठी टाकलीस म्हणून?”

“टाकली, आणि मोजली गेली. अमेरिकेला तार गेली.”

“तुझी चिठ्ठी वाटेत उंटाने खाल्ली असेल.”

“असं? मग विचार हिला.” अब्बा माझ्याकडे वळले. आयुष्यात इतक्या अभिमानाने त्यांनी माझ्याकडे क्वचितच पाहिलं असेल. “कागद हिने टाइप केलाय. हिच्या हातून गेलंय सगळं.”

चाचांनी खांदे उडवले. “मोजली असेल बाबा. मला काय? मग मेहुण्याला लिहितो.” त्यांनी खणातून निळं हवाईपत्र काढलं, काउंटरवर पसरलं आणि पेनाचं टोपण काढून ते अब्बांपुढे धरलं. त्यांना आता नीट दिसत नसे. त्यांची पत्रं अब्बाच लिहून द्यायचे.

अब्बांनी पेन घेतलं. डाव्या हाताने कागद दाबून धरला. शाईचं बोट निळ्या कागदावर आलं. त्यांनी वर मेहुण्याचं नाव लिहिलं, मग सलाम लिहिला.

मला इंग्रजीच सुचत होतं. मी ते गिळलं.

“अब्बा,” मी म्हणाले, “नाही मोजलं. तुमचं कुणाचंच नाही मोजलं. तो कागद मीच टाइप केला.”