समुद्राच्या तळाचं बन

येडू म्हणजे माझा पाठचा भाऊ. सख्खा. आन् सांगायला मला लाज न्हाय, अख्ख्या सोलापुरात समुद्राचा तळ हातानं चाचपून आलेला एकच माणूस निघाला, तोबी आमच्या घरात. मोठ्या शेठ-सावकाराच्या घरात न्हाय, कोटवाल्या वकिलाच्या घरात न्हाय. घोंगडी विणणाऱ्या धनगराच्या घरात.

मी चार इयत्ता शिकलो, येडू दोनच. पण त्याच्या उजव्या हाताला जे कळायचं ते बुकातसुद्धा सापडायचं न्हाय. डोळे झाकून तळव्यावर लोकरीचा धागा ठेवावा, येडू सांगणार, ही करकंबाकडची मेंढी, ही मंगळवेढ्याची, हिनं पावसाळाभर ओलं खाल्लंय. चारी बाजूच्या घोंगडीवाल्यांत असा हात दुसरा नव्हता. हे मी भाऊ म्हणून सांगत न्हाय, कुणालाबी विचारा.

सोलापुरात गोऱ्या सरकारनं मार्शल लॉ लावला, त्याच्या आधीची सालं ती. मेंढरांवर रोग पडला, लोकर मिळंना, माग बसून राहिला. येडू मुंबईला गेला. गोदीत दोर वळायचं काम मिळालं, आन् तिथनं त्याला तारेच्या जहाजावर घेतलं.

मुंबईहून एडनला आन् तिथनं विलायतेला जी तार जाते ती समुद्राच्या तळानं जाते. मनगटाएवढी जाड, खाली चिखलात पडलेली. कुठं तुटली की हे जहाज निघायचं. मैलाच्या वर लांब दोराला लोखंडी गळ बांधून तळाला सोडायचा, आन् जहाज मुंगीच्या चालीनं हाकत तळ खरवडत न्यायचा, तार गळाला अडकंपर्यंत. दोर जिथनं पाण्यात उतरतो तिथं एक माणूस दोरावर तळवा ठेवून बसतो. खाली काय चाललंय ते त्या तळव्याला कळतं. ती जागा येडूची.

चिखल लागला की दोर लोण्यातनं गेल्यागत गप जायचा. वाळू लागली की पीठ चाळल्यासारखी थरथर. दगड लागला की कोपरापर्यंत ठोका. खलाशांचा मुकादम रत्नागिरीकडचा म्हातारा होता, त्याला सगळे सारंग म्हणायचे. तो येडूची चेष्टा करायचा.

“काय रे घाट्या, मेंढरू गावला काय गळाला?”

“न्हाय सारंगमामा, तुमच्या दाढीचा केस घावलाय. वडू का?”

सारंग हसायचा, पण येडूशिवाय त्या जागी दुसऱ्याला बसवायचा न्हाय.

एके दिवशी, सगळीकडं पाणीच पाणी, किनारा कुठल्याच बाजूला न्हाय, अशा जागी दोराची थरथर बदलली. वाळल्या काटक्यांवरनं कळप जावा तशी कुरकुर तळव्यात आली. मग एकेक मोडल्याचा ठोका. बारीक काटकी. मग जाड फांदी. मग बुंधाच मोडावा तसा. येडूनं तळवा आणखी दाबला. मैलभर पाण्याखाली झाड कुठलं?

“मामा, खाली कायतरी मोडतंय.”

“मोडू दे. तार लागली का ते सांग.”

“रान हाय खाली. फांद्या मोडाय लागल्यात.”

“समुद्रात कसला रान? हात काढू नको!”

येडूनं हात काढला न्हाय. दिवस कलंपर्यंत ते मोडणं त्याच्या तळव्यातनं दंडापर्यंत चढत होतं. आन् शेवटी शेवटी त्याला असं वाटलं, की मोडणं थांबलंय आन् पार खाली, दोराच्या त्या टोकाला, कुणीतरी आपल्यासारखाच तळवा ठेवलाय. आपण तळ चाचपतोय तसं ते आपल्याला चाचपतंय. सावकाश. घाई नसल्यासारखं.

मग दोर जड झाला. तार लागली होती.

ती वर ओढायला रात्र गेली. सकाळी तार पाण्याबाहेर आली तसे खलाशी कठड्याला गोळा झाले. तारेला आन् गळाला पांढऱ्या फांद्या अडकल्या होत्या. हाडासारख्या पांढऱ्या, सांबराच्या शिंगासारख्या फुटलेल्या, आन् फांदीच्या टोकाटोकाला फिक्कट गुलाबी फूल. येडूनं एक फांदी उचलली. वर उन्हानं लाकडी फळ्या तापलेल्या, आन् ती फांदी अशी गार की त्याचा तळवा ठणकायला लागला. त्याच्या डोळ्यांदेखत फुलांनी अंग आखडून घेतलं आन् आपापल्या भोकात शिरली.

जहाजावर एक तरणा गोरा साहेब होता, समुद्रातलं काय काय बरणीत घालून ठेवायचा. तो सांगत गेला, सारंग मराठीत बोलत गेला. हे झाड न्हाय, जनावर हाय. एक न्हाय, हजारो. आपण पोवळं म्हणतो त्यांच्याच जातीचं, पण ह्यांना ऊन नको. ही राहतात तिथं सूर्य कधी गेलाच न्हाय. पाणी बर्फासारखं. जो तो आपल्या भोकात बसून तोंड उघडून वाट बघतो. वर समुद्रात जे मरतं त्याचा चुरा पिठासारखा खाली झडत राहतो, त्यातलं घावंल ते धरून खायचं. बाप मेला की पोरगं त्याच्या हाडावरच घर बांधतं. खाली सगळी मेलेली, वरच्या टोकाला तेवढी जिवंत. बोटभर वाढायला धा-बारा सालं. माणसाएवढं झुडूप झालं तर त्याचं बूड आपल्या खापरपणज्याच्याबी आधीचं. त्या फांद्यांच्या आडोशाला मासे अंडी घालतात, खेकडे राहतात. असं रानच्या रान.

“म्हंजी म्या त्येच मोडत हुतो काल दिसभर?” येडूनं विचारलं.

“तू कसला मोडतोस? गळ मोडतो.”

येडूनं ती फांदी गार पाण्याच्या बालदीत ठेवली. दिवेलागणीला बघितलं तर फुलं परत उघडली होती. प्रत्येक फुलातनं केसासारखे हात बाहेर निघाले होते आन् पाण्यात काहीतरी शोधत होते. येडूनं बोट बुडवलं. ते हात बोटाला लागले, आन् कायच लागल्यासारखं झालं न्हाय. तेव्हा त्याला कळलं, आपल्या हाताला कळंनासं झालंय.

दुसऱ्या दिवशी पाणी उन्हानं कोमट झालं तशी फुलं विरघळून गेली. उरलं पांढरं हाड. उजवा तळवा गार पडला तो गारच राहिला. सारंगनं तेल चोळलं, जहाजाच्या डॉक्टरनं सुई टोचून बघितली. रक्त आलं, कळ आली न्हाय. जहाजावरनं येडूला उतरवलं. फांदी धोतरात गुंडाळून तो आगगाडीनं सोलापूरला आला.

शेजारची बनाबाई दारातच उभी होती. “दुसऱ्यांचं नवरं दर्यावरनं मोती आनत्यात,” ती येडूच्या बायकोला म्हणाली, “केरे, तुज्यानं हाड आनलं गं!”

केराबाईनं फांदी घरात घेऊ दिली न्हाय. ती गोठ्याच्या मेढीला टांगली. मी मात्र चार माणसं बोलावून दाखवली. का न दाखवू? असली चीज कुणाच्या बापानं बघितली होती?

पण येडू मागावर बसला तेव्हा खरं काय ते कळलं. धागा तुटायचा, येडूला पत्ता नसायचा. पूर्वी तुटायच्या आधीच त्याचा हात थांबायचा. आता वीतभर विणलं की भोक पडलेलं. केराबाईनं ऊन विटेनं शेकलं, बिब्बा लावला. तळवा गोठ्यातल्या दगडासारखा. घोंगडीवाल्याचा हात गेला म्हणजे घर गेलं. मजुरीला तरी त्या हातानं काय धरणार? फावडं सुटून पडायचं.

त्याहून वाईट येडूनं कुणाला सांगितलं न्हाय, फक्त बायकोला सांगितलं. हाताला जगातलं काय कळत नव्हतं, पण ताणलेल्या कशावरबी तळवा ठेवला की कळायचं. मागावरचा ताणा असो, शेळीचं दावं असो. काटक्या मोडल्यासारखी कुरकुर. आन् मग ती थांबायची, आन् त्या टोकाला कुणीतरी हात ठेवायचं.

“शेळी आसंल,” केराबाई म्हणाली.

“शेळी सुटून गेलीया. दावं मोकळंच हाय.”

केराबाईनं बघितलं. दावं एका खुंटीला बांधलेलं, दुसरं टोक जमिनीवर मोकळं पडलेलं. आन् तरी मधेच ते ताठ होतं.

ती तडक माझ्याकडं आली. “भावजी, म्हाताऱ्याकडं न्या ह्यास्नी. आजच.”

म्हातारा म्हणजे सोमलिंग, बिरोबाच्या ठाण्याचा पुजारी. अक्कलकोटाकडचा, अर्धं कानडी बोलायचा. आमच्यात एक रीत हाय. बिरोबाच्या बनातली काटकी मोडायची न्हाय. वाळून खाली पडलेलीसुद्धा चुलीला न्यायची न्हाय. कुणी नेलीच, तर ज्या हातानं मोडली त्याच हातानं परत ठेवायची, बोलायचं न्हाय, मागं वळून बघायचं न्हाय.

सोमलिंगानं फांदी बघितली, हात लावला न्हाय. सगळं ऐकून घेतलं.

“बेडा, बेडा,” तो मान हलवत म्हणाला. नको, नको. कुणाबी तरण्याला तो तम्मा म्हणायचा, म्हणजे धाकटा भाऊ. “हे बन हाय, तम्मा. कुटं का आसंना. जितं ऊन जात न्हाय तितंबी देव हाय की. तू त्येच्या बनात गळ घातलास.”

“म्या न्हाय आज्जा. साहेबाचा गळ, साहेबाचं जहाज.”

“दोरावर हात कुनाचा हुता?”

येडूनं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं.

“परत दे. त्येच हातानं.”

“समुद्रात? मला आता जहाजावर कोन घेतंय? आन् ती जागा कशी घावायची?”

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. “गार पानी. ऊन न्हाय. तळ न दिसनारं. समदं पानी खालनं एकच आसतंय, तम्मा.”

अशी जागा आमच्या बाजूला एकच. ठाण्यामागची थोरली विहीर. दुष्काळातसुद्धा न आटलेली. माझ्या आज्ज्यानं ती मोजली होती. पंधरा परस खोल, म्हणजे पंधरा माणसं उभी एकावर एक. मी वीस परसाचा दोर आणला. माझ्या हातचा वळलेला, हत्तीनं ओढला तरी तुटायचा न्हाय.

चैतातली भर दुपार. विहिरीवर चिटपाखरू न्हाय. केराबाई लांब चिंचेखाली बसली. सोमलिंगानं फांदी काळ्या लोकरीच्या धाग्यानं दोराला बांधली आन् येडूच्या उजव्या तळव्यावर दोर ठेवला. मी वेटोळं सोडत गेलो.

फांदी पाण्याला टेकली. आवाज झाला न्हाय. पाण्यानं वाट दिली आन् ती पांढरी पांढरी होत खाली दिसंनाशी झाली. दोर जात राहिला. मी मनात मोजत होतो. धा गेले. बारा गेले. पंधराला दोर सैल पडायला पाहिजे होता. पडला न्हाय. सतरा. एकोणीस. माझ्या हातातलं वेटोळं संपलं, शेवटची गाठ बोटात आली, आन् दोर ताठच. खाली ओढत होता. आज्ज्यानं मोजायला चूक केली असंल म्हणावं, तर आमच्या आज्ज्यानं कधी चूक केलेली मला ठाऊक न्हाय.

मी तोंड उघडणार होतो. म्हाताऱ्यानं डोळे वटारले.

येडूचे डोळे मिटलेले. कपाळावर घाम, आन् ओठ निळे. त्याच्या तळव्यात आधी कुरकुर आली. मग गप. मग तो हात आला, पलीकडचा. ह्या वेळी त्यानं चाचपलं न्हाय. आईनं झोपलेल्या पोराच्या मुठीतला खुळखुळा काढून घ्यावा, तसा हळूच दोर त्याच्या हातातनं घेतला.

येडूनं सोडला. गाठ माझ्या बोटातनं निसटली आन् अख्खा दोर सरसर पाण्यात गेला. एक तरंग उठला न्हाय. आम्ही पाठ फिरवली आन् चालायला लागलो. मागं पाण्यात काहीतरी वाजत होतं, पावलं मोडल्या काटक्यांवर पडावीत तसं. कुणी वळलं न्हाय. घरी येऊन बघितलं तर तळवा तसाच गार.

येडू न जेवता पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागाजवळ येऊन उभा राहिला, पण विणायला मागाखालच्या खड्ड्यात उतरायची त्याला छाती होईना. नुसता धाग्याकडं बघत होता. तेवढ्यात बनाबाई आली. डोक्यावर घागर, पण रिकामी.

“थोरल्या विहिरीत दोर सोडला, समदा सरला. पानी लागंना!”

“आटली का काय?” मी विचारलं.

“आटली आसती तर तळ दिसला आसता की! खाली नुसता अंधार हाय भावजी, आन् गार वारं येतंय. कोन उतरवनार माजी घागर तितं? म्या न्हाय.”

येडूनं ऐकलं. गोठ्यामागं बाभळी तोडून टाकल्या होत्या, त्यातली एक फांदी ओढत तो विहिरीकडं निघाला. मी दुसरी उचलली. केराबाई पाठोपाठ आली. खालच्या बनात परत कुणाचा दोर उतरू नये म्हणून आम्ही विहिरीच्या काठाकाठानं बाभळीचं कुंपण रचत गेलो, कुणी खाली न बघता. पाणी आता कोसभरावरनं आणायचं, हे न बोलताच ठरलं होतं.

शेवटची फांदी येडूनं उजव्या हातानं दाबून बसवली.

“आई गंऽऽ!”

तो ओरडून मागं झाला. बोटभर काटा तळव्यात रुतला होता. येडू हाताकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. केराबाईनं धावत येऊन काटा उपसला, तळवा दोन्ही हातांत धरला, आन् गालाला लावला.

“भावजी,” ती रडत-हसत म्हणाली, “ऊन हाय ओ. हात ऊन हाय.”