न वाढलेली बुरशी

शहापूरहून सांगावा आला तेव्हा मी पाट्यावर चटणी वाटत होते. शाळेच्या कामाला तिकडे गेलेला माझा थोरला भाऊ, दादा, छातीत कळ येऊन तिथेच गेला... महिना होऊन गेला. मुरबाडात त्याला दगडवेडा मास्तर म्हणत. म्हणोत बापडे! मला त्याचा अभिमान होता आणि आहे.

सिद्धगडाच्या पायथ्याला ओढ्यात त्याला लाकडाचा झालेला दगड सापडला होता. त्याची ढलपी तो माझ्याच पाट्यावर वाळू-पाणी घालून उजेड आरपार येईपर्यंत घासायचा. चटणीत कचकच लागली की मी कडाडायची. तेव्हा जर्मनीशी लढाई चालू होती, त्यामुळे ढलपी काचेवर चिकटवायचं विलायती औषध मिळेना, म्हणून त्याने धावड्याचा डिंक लावला. त्याच्या जुन्या पितळी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक धागे दिसले. "यमू, बुरशी गो! माणूस जन्मायच्या कितीतरी आधीची!" लगेच मुंबईच्या प्राध्यापकांना कळवलं, आळीत पेढे वाटले.

श्रावणात पाहतो तर धागे वाढलेले!

"मेलेली बुरशी वाढते होय रे?" मी हसले, पण त्याचा चेहरा उतरला होता. बुरशी आमच्या घरातलीच, डिंकावर आलेली. तो बोलला नसता तर कुणाला कळलंही नसतं... पण दादा दुसऱ्याच दिवशी मुंबईला गेला आणि प्राध्यापकांना "माझं चुकलं" म्हणून आला. त्यांनी स्वतःजवळची औषधाची बाटली त्याला दिली.

वैशाखात त्याने नवी ढलपी घासली आणि त्या औषधाने काचेवर चिकटवली. धागे पुन्हा दिसले, या खेपेला लाकडाच्या पेशींत शिरलेले. तरी दादा चूप. काच त्याने मुद्दाम माझ्या लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली. त्या पावसात चपला, पापड, लोणचं, सगळ्यावर बुरशी चढली. काचेतले धागे होते तेवढेच राहिले. तेव्हा कुठे तो बोलला, "तेव्हाही लाकूड कुजत होतं, यमू. म्हणून नव्या झाडांना जागा झाली. नायतर रान मेल्या ओंडक्यांखालीच गाडलं गेलं असतं." प्राध्यापकांनीही मानलं. मी ताठ मानेने पुन्हा पेढे वाटले.

पुढे दरवर्षी पाऊस सरला की तो मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवायचा. "वाढले का गो?"

परवा ऊन पडलं. पाट्याला त्याच्या घासण्याने खळगा पडलाय, चटणी त्यात अडकते, पण पाटा काही बदलवत नाही. हात पुसले, काच काढली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून धागे पाहिले. विचारायला कोणी नव्हतं. तरी मोठ्याने सांगितलं, "नाय वाढले रे, दादा."