माग थांबला तेव्हा
मागाच्या तेलाचा वास आला की वडगावची ती सकाळ आठवते. डॉक्टरांनी आप्पांना बीपीच्या गोळीच्या जोडीला योग सांगितला होता. आप्पा यंत्रमागाच्या खडखडाटातच सतरंजीवर शवासनात पडायचे. पण धागा तुटून माग थांबला, की त्या शांततेनं ताडकन उठायचे. त्या दिवशी मी विचारलं, "आप्पा, गोळी घेतलीसा?" "योग करतोय न्हवं? महिना झाला सोडून," म्हणाले आणि आडवे झाले. थोड्या वेळानं माग थांबला. ते उठले नाहीत. "पडू दे रं," आई कुजबुजली, "आज कुठं जमलंय त्यास्नी." मी हळूच धागा जोडून माग चालू केला. तासाभरानं आईनं चहासाठी हलवलं, तर अंग गार. आता माग मीच चालवतो. थांबला की आधी सतरंजीच्या जागेकडं बघतो.