जाळ्याकडचा डोळा

आमच्या घरात 'डावा' या शब्दाला बंदी होती. बाबा डावखुरे. लहानपणी शाळेत मास्तरांनी त्यांचा तो हात दोरीनं बांधून ठेवला, तेव्हा त्यांनी दोरी सोडली आणि शाळाही सोडली. पुढे तलावावर आमच्याच ढिवर जातीच्या मासेमारांनी नियम काढला, की डावखुऱ्याचं जाळं पहिलं पडू नये, मासोळी पळते. झालं! बाबा जन्मभर सगळ्यांच्या मागून जाळं फेकत राहिले. म्हणून घरात उजवा तो भाताचा हात आणि डावा तो जाळ्याचा. चप्पलसुद्धा भाताकडची आणि जाळ्याकडची. आम्हा भावंडांना त्यात काही वेगळं वाटत नसे.

एकोणीसशे नव्वदनंतरची गोष्ट. बाबांच्या जाळ्याकडच्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकला. त्या डोळ्यानं फक्त उजेड-अंधार कळायचा. सगळा कारभार दुसऱ्या डोळ्यावर. मी त्यांना नागभीडहून एस.टी.नं चंद्रपूरला एका दवाखान्यात नेलं. त्याचं नाव सांगत नाही, उगाच बदनामी कशाला. डॉक्टर भला माणूस होता. बॅटरी मारून दोन्ही डोळे पाहिले आणि म्हणाला, "पिकलेल्याचं उद्या करून टाकू. दुसऱ्यातही थोडं जाळं आहे, पण त्यानं दिसते ना? मग आत्ता त्याला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंट ओळीनं बाकावर, डोळे मिटून बसायचा हुकूम. मी बाबांसाठी चहा आणायला बाहेर गेले आणि तेवढ्यात घोळ झाला. बाकावर शेजारी बसलेल्या आजीनं मला तो मागून सांगितला. वॉर्डबॉय चिकटपट्टी घेऊन आला. ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्याच्या भुवईवर पट्टी मारायची, हे त्याचं काम.

"कोणता डोळा, बाबाजी?"

"जाळ्याकडला."

"जाळं तर दोन्हीत आहे. डावा का उजवा?"

तो शब्द ऐकला की बाबांचं डोकं फिरायचं. "एकदा सांगतलं ना, जाळ्याकडला! काऊन डोकं खाऊन राह्यला?"

वॉर्डबॉयही तसलाच. वैतागून त्यानं मनाला येईल तशी पट्टी मारली, कागदावर लिहिलं आणि पुढच्या माणसाकडे सरकला. मागून नर्स आली, तिनं पट्टी पाहिली आणि त्याच डोळ्यात औषध टाकलं.

मी चहा घेऊन आले तर बाबा हवेत हात चाचपडत होते.

"बाई, तूच आहे ना? मले काही दिसून नाई राह्यलं. धुकं झालं सारं."

मी पट्टी पाहिली. भाताकडच्या भुवईवर! ज्या एका डोळ्यानं माझा बाप जग पाहत होता, त्याच डोळ्यावर हे सुरी चालवणार होते. तळपायाची आग मस्तकात गेली.

"अवो भाऊ, पट्टी चुकली!" मी वॉर्डबॉयला म्हटलं.

"कागदावर उजवाच आहे."

"मंग कागद चुकला!"

"बाई, आवाज कमी करा. तुम्ही खेड्यातले, तुम्हाले काय समजते? त्यांचा नंबर आला, चला."

त्यानं बाबांचा एक दंड धरला, मी दुसरा धरला. ओढून पट्टी काढली, भुवईचे दोन-चार केसही निघाले तिच्यासंगं. मग ऑपरेशनच्या खोलीच्या दारातच आडवी उभी राहिले. "हा डोळा गेला तर माझा बाप आंधळा होते, तुमचा नाई! डॉक्टरले बोलवा. तोवर इथून मी हलत नाई."

आरडाओरडा ऐकून डॉक्टर बाहेर आला. "काय झालं? कोणता डोळा?"

"डावा!" मी ओरडले. "डावा, डावा, डावा!"

बापासमोर तो शब्द मी जन्मात पहिल्यांदा उच्चारला होता. वाटलं, आता थोबाडीत बसते. डॉक्टर वाकून म्हणाला, "बाबा, तुमच्या तोंडून ऐकू द्या."

बाबांची मान वर झाली.

"डावा," ते म्हणाले. आणि मग सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं, "मी डावा, माझा हात डावा, अन् फुटका डोळाही डावाच! उजव्याले कोणी हात लावून तर पाहा!"

डॉक्टरनं पुन्हा बॅटरी मारली, वॉर्डबॉयला तिथंच झापलं. औषधाचा असर उतरतो, घाबरू नका म्हणाला. दुसऱ्या दिवशी डाव्याचं ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं.

अजूनही लोक म्हणतात, तुमच्या बाबांना सरळ बोलायला काय झालं होतं? मी म्हणते, त्या वॉर्डबॉयला सरळ पाहायला काय झालं होतं? माझा बाप आपल्या घरची भाषा बोलला. नाही समजली तर डॉक्टरला विचारायचं होतं.

डॉक्टरनं परवानगी दिल्यावर बाबा तलावावर गेले, मी जेवण घेऊन मागं होते. माणसं जाळी झटकत काठावर उभी होती. बाबा कोणाला न विचारता सगळ्यांच्या पुढून पाण्यात उतरले.

"अरे, डाव्याचं पहिले नको!" मागून कोणीतरी म्हणालं.

बाबांनी वळून त्याच्याकडे पाहिलं, दोन्ही डोळ्यांनी.

"डावाच आहे मी. तुले आता दिसलं का?" म्हणाले, आणि जाळं फेकलं.