तंबूंच्या कोठारातला कापूस

माळीपुऱ्यातली माणसे म्हणत, की नत्थुजीच्या अंगणात पापड एकदा वाळतात आणि तंबू तीनदा. कोणी म्हणे, हा गृहस्थ बायकोशी बोलताना आभाळाकडे बघतो, पण राहुटीच्या कापडाला मात्र गाल लावून उभा राहतो. शेजारची गंगूबाई त्याच्या बायकोला, पार्वताबाईला, तोंडावर विचारायची, "काहून व माय, तुही सवत वाळली का नाई अजून?" पार्वताबाईला यात हसण्यासारखे काही दिसत नसे.

गाल लावण्याची गोष्ट खरी होती. नत्थुजी मोर्शीकडच्या माळ्याच्या घरातला. कांद्याचे बी साठवण्याआधी त्याची आई ते गालाला लावून पाही. राबून घट्ट झालेल्या हाताला जी ओल कळत नाही, ती गालाला गार लागते. ही एवढी विद्या घेऊन तो अमरावतीत आला आणि मोजणीच्या तळावर तंबूंचा राखणदार म्हणून लागला. जमिनीच्या मोजणीचे लोक कार्तिकात बाहेर पडत, गावोगाव मुक्काम करत आणि मृगाच्या आधी परतत. तंबू उभे करणारे पुष्कळ होते. परतल्यावर त्यांचे काय करायचे, हे एकट्या नत्थुजीला ठाऊक होते, किंवा एकट्यालाच त्याची पर्वा होती.

तंबू तो कधी सकाळी गुंडाळू देत नसे, कारण दहिवराची ओल शिवणीत राहते. कापड तीन दिवस उन्हात पसरायचे, मग गाल. घडी गेल्या वर्षीच्या खुणेवर घालायची नाही. एकाच जागी दुमडत गेले की धागा तिथेच तुटतो. दोर सोडून सैल टांगायचे. थर फळ्यांवर रचायचा, भिंतीपासून हातभर दूर, मध्ये कडुलिंबाचा पाला. श्रावणात उघडीप मिळाली की सगळे पुन्हा बाहेर. यावर लोक हसत आणि तो चिडे. समजावून सांगण्याची त्याला हौस नव्हती.

सन १८६४च्या उन्हाळ्यात वऱ्हाडात कापसाशिवाय दुसरे बोलणे नव्हते. अमेरिका कोठे आहे हे बहुतेकांना सांगता आले नसते, पण तिथल्या लढाईने तिकडचा कापूस अडून इकडचा भाव चढला होता, म्हणून ती थांबू नये असे पुष्कळांना मनापासून वाटत होते. ओसऱ्या, गोठे, धर्मशाळा, जिथे छप्पर होते तिथे कापूस होता. त्या वैशाखात नत्थुजी तंबू वाळवून कोठारापाशी आला, तेव्हा अर्धे कोठार कापसाने भरलेले होते. फळ्या काढून कोपऱ्यात उभ्या केल्या होत्या.

कोठाराची किल्ली तळाचे कारकून वामनराव यांच्याकडे असे. तो तडक त्यांच्याकडे गेला.

"रावसाहेब, कोठारात कापूस कोनाचा?"

"भगवंतरावांचा. तिवशाचे बडे शेतकरी आहेत, माहीत नाही का तुला? गाड्या मिळेनात त्यांना. आठ दिवसांचा प्रश्न आहे."

"अन् माहे तंबू?"

"ठेव की शेजारी. अरे, तंबू कशाचा? कापसाचाच ना? कापसाला कापसाचं वावडं असतं होय!" वामनराव आपल्याच बोलण्यावर खूश झाले.

"थो कापूस ओला हाये. वजन भराले पानी मारलं त्याले. हात घालून पाहा, आतून गरम लागते. सरकीबी हाये. उंदरं येतीन."

"नथू, तुला तंबू सांभाळायला ठेवलाय, कापूस तपासायला नाही."

नत्थुजीने पाचही लहान राहुट्या उचलून स्वतःच्या घरी नेल्या. डेरे, म्हणजे दोन मोठे तंबू, मात्र राहिले. ते हलवायला दहा माणसे लागत आणि त्या दिवसांत दहा माणसे कापूस सोडून कोणाला मिळत नव्हती. फळ्यांपुरतीही जागा उरली नव्हती. ते डेरे त्याने ओल्या कापसाच्या ढिगाला टेकवून ठेवले, आणि दार लागले तेव्हा आपणच काहीतरी पाप केल्यासारखा तो घरी आला.

घरी वेगळेच प्रकरण होते. दोन खोल्यांचे घर. एका खोलीत राहुट्या आडव्या बांबूंवर टांगल्यावर माणसांना चूल तेवढी उरली.

"अवो, आमी कुठी बसाचं?" पार्वताबाईने विचारले.

"पडवीत."

"पावसाची झड आली म्हंजे?"

"अंग पुसता येते. शिवन पुसता येत नाई."

"सरकार तुमाले पगार देते का मले? मीबी राखन करून राहिली न! मंग माहा पगार आना." तिने भांडी आपटली, पण उंदीर येऊ नयेत म्हणून धान्याची कणगी त्याच संध्याकाळी दुसऱ्या खोलीत ओढली. पूर्ण पावसाळा ती पडवीत निजली आणि रोज एकदा त्याला ते ऐकवत राहिली.

आठ दिवस ज्येष्ठात संपले, आषाढात संपले, श्रावणातही संपले. भगवंतराव भाव चढण्याची वाट पाहत होते. नत्थुजी दर सोमवारी किल्ली मागायला जाई. कधी वामनराव पूजेत असत, कधी नुकतेच बाहेर पडलेले असत, आणि एकदा तर खिडकीत बसूनच त्यांनी घरात नसल्याचा निरोप धाडला. श्रावणात चार दिवस कडक ऊन पडले. नत्थुजीने राहुट्या अंगणात पसरल्या आणि कोठाराच्या बंद दाराला नाक लावून उभा राहिला. आतून कुबट, आंबूस वास येत होता. हे डेरे कुजले तर नाव आपलेच जाणार आणि नोकरीही, हे त्याला त्या वासावरून कळले. कुलूप फोडावे असे वाटले. त्याने दारावर फक्त एक लाथ मारली आणि लंगडत घरी आला.

आश्विन संपताना दार उघडले. कापूस अजून तिथेच होता. डेऱ्यांवर काळे ठिपके पडले होते. नत्थुजीने एका घडीला गाल लावला आणि लगेच मागे घेतला.

"हे गाडीत भरू नोका, रावसाहेब. साहेबाले इथंच दाखवा."

"वरून बरे दिसतात. तेल्हाऱ्याला मुक्काम ठरलाय, तिथे उभे कर म्हणजे झालं."

अकोल्यावरून तेल्हाऱ्याला पोचेपर्यंत नत्थुजी गाडीमागे चालत होता. मैदानात डेरा पसरला, खांब उभा राहिला, माणसांनी तणावे ओढले. कापड घडीच्या खुणेवर फाटत गेले. आवाजसुद्धा झाला नाही, इतके ते कुजले होते. दुसऱ्याचेही तेच. मोजणीचे साहेब समोरच उभे होते.

"राखण याची आहे, साहेब," वामनराव घाईने म्हणाले. "मी याला वारंवार बजावलं होतं."

साहेबांनी नत्थुजीकडे पाहिले. "तुझी नोकरी आज संपली," असे ते मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाले आणि निघाले. पण वाटेत पाच राहुट्या उभ्या होत्या. त्यांनी एकीला हात लावला, तणावा ओढून पाहिला, शिवण पाहिली. मागे वळून त्यांनी विचारले, ह्या कोठारातल्याच ना?

"ह्या माह्या घरी व्हत्या," नत्थुजी म्हणाला. "डेरे कोठारात व्हते. तिथं सहा महिने ओला कापूस हाये."

साहेब वामनरावांकडे पाहत राहिले. वामनरावांनी रुमाल काढला आणि कपाळ पुसले. कापूस कोणाचा, किल्ली कोणाकडे, हे विचारले जाईल म्हणून नत्थुजी थांबला होता. पावसाळाभर त्याने त्या प्रश्नाची उत्तरे मनाशी घोळवली होती. साहेबांनी त्यातले काहीच विचारले नाही. त्या राहुट्या पाहूनच ते प्रसन्न झाले. नोकरी कायम, नवे डेरे मागवू, असे त्यांनी जाहीर केले. आणि पुढच्या पावसाळ्यात हे सगळे सामान नत्थुजीच्याच घरी ठेवावे, असेही.

"उत्तम व्यवस्था!" वामनरावांचा जीव भांड्यात पडला. "नत्थुजी, अरे, साहेबांनी तुला शाबासकी दिली. काहीतरी बोल की."

नत्थुजीने आधी फाटलेल्या डेऱ्याकडे पाहिले, मग साहेबांकडे, आणि उत्तर दिले:

"शाबासकी मले नोको. कोठार खाली करून द्या. नाई त पुढच्या साली बाभळीखाली बसून मोजनी करा."